पिल्लू घरट्यातून पडलंय? खानदेशच्या उन्हात आधी सावली, मग बाकीचं

मे महिन्याची दुपार. पत्र्याच्या पन्हाळीखाली, ओट्याच्या फरशीवर एक गुलाबी गोळा पडलेला दिसतो. डोळे मिटलेले, अंगावर एक पीस नाही, चोच उघडी. बघणारा धावत जाऊन वाटीत पाणी आणतो आणि बोटाने चोचीत थेंब सोडतो. तासाभरात पिल्लू मान टाकतं आणि घरात सगळ्यांना वाटतं, पडल्यामुळे मेलं. पुष्कळदा ते त्या पाण्याने गेलेलं असतं, नाहीतर फरशीच्या चटक्याने.

पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, असं बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. पौष-माघात किंवा पावसात भिजलेल्या पिल्लासाठी ते बरोबरच आहे. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून पुष्कळ जास्त ताप असतो. पक्ष्याच्या अंगाचं तापमान मुळातच ४०-४१ अंशांच्या आसपास. वरून आणखी ऊब दिली तर पिल्लू भाजून निघतं. म्हणून चैत्रापासून मृगापर्यंत आपल्याकडचा क्रम असा: आधी सावली, मग तपासणी, मग आई-बापाकडे परत. खाऊ-पिऊ घालणं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

उचलायचं कसं

कुत्रं-मांजर घरात बांधा, पोरांना चार हात लांब उभं करा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. पिल्लू मुठीत धरू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वर-खाली करून तो श्वास घेतो. छाती आवळली गेली की नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून खालून उचला. पिसं फुटलेलं, पळणारं पिल्लू असेल तर अंगावर सुती ओढणी किंवा जुना टॉवेल टाका, पंख अंगाशी मिटलेले राहतील असं धरा.

हात लागला की चिमणी पिल्लाला वाळीत टाकते, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे आणि तो खोटा आहे. माणसाचा वास लागला म्हणून हे पक्षी पिल्लू टाकून देत नाहीत. ते पिल्लाला जागेवरून, आवाजावरून आणि उघड्या चोचीवरून ओळखतात. या एका समजापायी दरवर्षी कितीतरी धडधाकट पिल्लं घरात आणली जातात आणि दोन दिवसांत मरतात.

खरंच पडलंय, की उडायला निघालंय?

इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून नीट बघा.

अंग उघडं किंवा नुसती लव, डोळे मिटलेले किंवा अर्धवट उघडे, पंखांवर पिसांऐवजी निळसर काड्या दिसतात, पायावर उभं राहता येत नाही. हे घरट्यातलं पिल्लू. ते पडलंच आहे, त्याला मदत हवी.

अंगभर पिसं, शेपूट मात्र बोटाच्या पेरापेक्षाही आखूड, डोक्यावर लव उभी राहिलेली, चोचीच्या कोपऱ्यात पिवळी कड, आणि टुणटुण उड्या मारतंय. हे उडायला शिकणारं पिल्लू. साळुंकी, बुलबुल, दयाळ यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि तीन-चार दिवस झुडपांत, कुंपणात, कधी अंगणात काढतात. आई-बाप जवळपास असतात, खाली येऊन भरवतात. बुलबुलाचं पिल्लू जेमतेम १२-१३ दिवसांचं असताना बाहेर पडतं, चिमणीचं साधारण १५ दिवसांचं, साळुंकीचं तीन आठवड्यांनंतर. त्याला उचलून घरी नेणं म्हणजे शाळेतून घरी निघालेलं पोर रस्त्यातून उचलून नेण्यासारखं आहे. रस्त्यावर, गटारीच्या कडेला किंवा उन्हात बसलं असेल तर जवळच्या दाट झुडपात, जमिनीपासून तीन-चार फुटांवर फांदीवर बसवा आणि निघून जा. मेंदी, लिंबू, बोगनवेल, काहीही चालेल, फक्त सावली दाट हवी. गल्लीतल्या मांजरींचं काय, हा प्रश्न रास्त आहे. तीन-चार दिवस आपली मांजर कोंडा, शेजारच्यांना सांगा. एवढंच आपल्या हातात असतं, पण ते खूप असतं.

टिटवी, तित्तर, लावा आणि मोर यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची पिल्लं अंड्यातून निघतात तीच डोळे उघडे आणि अंगभर लव घेऊन, आणि काही तासांत चालू लागतात. कपाशीच्या वाफ्यात किंवा नांगरलेल्या रानात एकटं धावणारं, मध्येच गोट्यासारखं दबून बसणारं टिटवीचं पिल्लू हरवलेलं नसतं. डोक्यावर आई-बाप ओरडत असतात, तेवढ्यावरून ओळखा. हात लावू नका. ट्रॅक्टर चालू असेल तर त्या जागेभोवती चार काठ्या रोवून दोन-तीन मीटरचा तुकडा तेवढ्या दिवसापुरता सोडा.

तपासणी

सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर, दोन मिनिटांत उरका. या गोष्टी दिसल्या तर घरट्यात परत ठेवण्याआधी उपचार लागतो:

- रक्त, लोंबकळणारा पंख, वेडावाकडा पाय, एका बाजूला कलंडणारी मान.
- मांजराने तोंडात धरलेलं असणं. जखम दिसत नसली तरी. मांजराच्या दातांतून जे जंतू आत जातात ते एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळायला हवं. माणसांच्या गोळ्या अंदाजाने फोडून देऊ नका.
- पंखाखाली, कानाच्या छिद्रापाशी किंवा शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी. ही माशीची असतात. उन्हाळ्यात काही तासांत त्यातून अळ्या निघतात. चिमट्याने किंवा कोरड्या ब्रशने एकेक काढा.
- कातडीखाली हवेचा फुगा. पडताना आतल्या हवेच्या पिशव्यांना मार लागला की असं होतं. घरी फोडू नका.
- अंगाला लागलेल्या मुंग्या. फुंकर घालून आणि ओल्या बोळ्याने काढा, पावडर मारू नका.

जखमेवर हळद-तेल लावायची आपली सवय इथे आवरा. तेल पिसांना चिकटतं, आणि चिकटलेली पिसं ना ऊन अडवतात ना थंडी. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात पाऊण चहाचा चमचा मीठ विरघळवा आणि त्या पाण्याने जखम टिपून घ्या. मोडलेल्या पायाला काडी बांधू नका. खोक्यात अंधार करून ठेवलं की पिल्लू आपसूक स्थिर राहतं, पुढचं काम डॉक्टरांचं.

यातलं काहीच नसेल, अंग कोरडं असेल, टिचकी वाजवल्यावर मान ताणून चोच उघडत असेल, तर ते धडधाकट आहे. त्याची जागा घरट्यात.

घरटं सापडलं तर

वर बघा, आणि ऐका. भावंडांची चिवचिव ऐकू येते. शिडी घट्ट असेल, विजेची तार जवळ नसेल, तर पिल्लू परत ठेवा. ओंजळ घरट्यावर क्षणभर झाकून धरा म्हणजे पिल्लं उधळत नाहीत, मग हात हळूच काढा. कावळ्याच्या घरट्यापाशी जाताना डोक्यावर हेल्मेट असू द्या. ते मागून येतात आणि टाळूवर चोच मारतात.

पण एक अडचण खास आपल्याकडची आहे. पत्र्याखालच्या घरट्यातली चिमणीची आणि पाकोळीची पिल्लं भर उन्हाळ्यात पडलेली नसतात. ताप सहन न होऊन ती कडेला सरकतात आणि शेवटी उडी टाकतात. भर दुपारी तुम्ही त्यांना परत ठेवलंत तर दहा मिनिटांत ती पुन्हा खाली. पत्र्याला हात लावून पाहा. हात टेकवत नसेल तर पिल्लू सावलीत ठेवा, आणि पर्यायी घरटं बांधा.

पर्यायी घरटं

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि यातूनच जास्तीत जास्त पिल्लं वाचतात, म्हणून सविस्तर सांगतो.

भांडं असं घ्या की पिल्लाला तळ लागेल पण बाहेर रांगता येणार नाही. चिमणी-बुलबुलासाठी १०-१२ सेंटिमीटर रुंद आणि ७-८ सेंटिमीटर खोल. आइस्क्रीमचा किंवा श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा बरोबर बसतो. साळुंकीसाठी १५ सेंटिमीटर रुंद, कावळ्यासाठी बांबूची दुरडी. शिंजीरासारख्या चिमुकल्या पक्ष्याला नारळाची अर्धी करवंटी पुरते. पत्र्याचा डबा वापरू नका, तो तापतो.

तळाला खिळा तापवून सहा-सात छिद्रं पाडा, प्रत्येक छिद्र हरभऱ्याच्या दाण्याएवढं. वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि पाणी साठलेल्या डब्यात पिल्लू रात्रीत मरतं.

आत काय घालायचं, इथे घात होतो. आपल्या घरात कापूस हाताशी असतो, मऊ म्हणून तोच अंथरला जातो. कापसाचा तंतू पिल्लाच्या बोटांना गुंडाळतो, ओला झाला की आवळतो, दोन दिवसांत बोट काळं पडतं. टॉवेलच्या फासांतही नखं अडकतात. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं तर पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. ओलं हिरवं गवत कुजतं. तळाशी दोन बोटं जाडीचे नारळाचे काथे, त्यावर वाळलेलं बारीक गवत, आणि मध्ये मूठ दाबून वाटीसारखा खळगा. खळगा हवाच, पिल्लाचे पाय अंगाखाली राहण्यासाठी. खाली पडलेलं जुनं घरटं मिळालं तर ते जसंच्या तसं डब्यात बसवा, त्याहून चांगलं काही नाही.

मूळ घरट्यापासून दोन-तीन मीटरच्या आत, जमिनीपासून सात-आठ फुटांवर बांधा. भिंत उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर जे ऊन येतं ते जीव घेतं. बांधण्याआधी त्या जागेवर दुपारभर सावली राहते का हे पाहायला वेळ नसतो, म्हणून वर आडवा पुठ्ठा किंवा गोणपाटाचा तुकडा छपरासारखा लावून टाका, पुढची बाजू मात्र उघडी. तार दोन बाजूंनी घट्ट घ्या, डबा हेलकावला तर आई बसत नाही. मुंग्यांसाठी तारेच्या वरच्या टोकाला, डब्यापासून वीतभर लांब, एरंडेल किंवा ग्रीसचं बोट फिरवा. मुंग्या मारायचा खडू ओढू नका, ते विष आहे.

आता पिल्लू ठेवा आणि तिथून निघून जा.

वाट पाहणं

लोक हरतात ते इथेच. डब्याखाली उभं राहून पाहिलं तर आई येणारच नाही. दहा-पंधरा मीटर लांब किंवा खिडकीच्या आडून बघा. सकाळी आणि संध्याकाळी चिमण्या दर दहा-पंधरा मिनिटांनी चारा आणतात, भर दुपारी फेऱ्या कमी होतात. पहिल्या फेरीत आई जुन्या घरट्याकडे जाईल, गोंधळेल, तारेवर बसेल. पिल्लाने आवाज दिला की ती येते. चोचीत काहीतरी घेऊन आली आणि रिकाम्या चोचीने गेली, की काम झालं. दुसरी खूण म्हणजे परत जाताना तिच्या चोचीत पांढरी पिशवी दिसते. पिल्लांची विष्ठा अशा पिशवीतूनच बाहेर पडते आणि आई-बाप ती उचलून लांब टाकतात.

उघड्या अंगाच्या पिल्लासाठी दोन तास थांबा. पिसं फुटलेल्यासाठी संध्याकाळपर्यंत. होला आणि पारव्याचा हिशोब वेगळा, ते दिवसातून मोजक्याच वेळा भरवतात, म्हणून दोन तासांत कोणी आलं नाही यावरून काहीच ठरत नाही. घुबड आणि पिंगळ्याचे आई-बाप तर अंधार पडल्यावरच येतात.

उन्हाने कासावीस झालेलं, आणि गारठलेलं

चोच उघडी ठेवून धापा टाकणं, पंख अंगापासून लांब धरणं, मान ताणणं म्हणजे ताप झाला. भूक लागून चोच उघडणं वेगळं: तेव्हा पिल्लू आवाज करतं आणि मध्येच चोच मिटतं. तापलेल्याला बुडवू नका, कूलरसमोर ठेवू नका, एकदम गार झोताने त्याला धक्का बसतो. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, बहुतेक घरांत माठ असतो त्या कोपऱ्यात, खोकं ठेवा. खोक्याखाली ओलं बारदान अंथरा, पिल्लाखालचं मात्र कोरडं राहू द्या. ओल्या बोटाने फक्त पायांना स्पर्श करा. पंधरा-वीस मिनिटांत धाप कमी व्हायला हवी. उघड्या अंगाच्या पिल्लाला ३२-३५ अंश, पिसं फुटलेल्याला २७-३० अंश पुरेसे असतात, म्हणजे मे महिन्यात खोलीतच हवी तेवढी ऊब असते.

जुलैच्या पावसात भिजलेलं किंवा डिसेंबरच्या पहाटे सापडलेलं पिल्लू हाताला थंड लागत असेल तर मात्र ऊब द्यायची. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आंघोळीचं असतं तेवढं गरम पाणी भरा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच अर्ध्या भागात ठेवा. दुसरा अर्धा भाग मोकळा, जास्त झालं तर सरकायला. दर दीड-दोन तासांनी पाणी बदला. बल्ब लावलात तर भारनियमनात रात्री तो विझतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून बाटलीच बरी.

थंड पडलेल्या पिल्लाला काहीही भरवू नका. गारठ्यात त्याची पचनक्रिया थांबलेली असते, आत गेलेलं अन्न सडतं.

पाणी का नको

पिल्लाची चोच उघडी असताना एकदा नीट आत बघा. जिभेच्या बुडाशी, तोंडाच्या तळालाच एक बारीक चीर उघड-झाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. तुम्ही सोडलेला थेंब थेट तिथे जातो. आई पिल्लाला पाणी पाजत नाही, किडे-अळ्यांतल्या ओलाव्यावर ते वाढतं. कातडी सुकलेली, सुरकुतलेली आणि लालभडक दिसत असेल आणि पिल्लू सावध असेल, तर कोमट पाण्यात बोट बुडवून चोचीच्या बाहेरच्या कडेला टेकवा. ते स्वतः चाटेल तेवढंच. मान टाकलेल्या पिल्लाच्या तोंडाशी पाणी न्यायचंच नाही.

रात्र काढायचीच असेल तर

आई आली नाही, मदत उद्याशिवाय मिळणार नाही. असं असेल तरच भरवा.

दूध, पाव, भात, कळण्याची भाकरी, पोहे, शेव, मुरमुरे यातलं काहीही नको. पक्ष्यांना दूध पचत नाही, जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. पीठ आणि भाकरी पोटात फुगतात आणि चिकटतात. चिमणी मोठेपणी दाणे खाते, पण पिल्लांना किडेच भरवते.

मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाद्य, किंवा कुत्र्याच्या पिल्लांचं, तालुक्याच्या गावीही आता मिळतं. एक भाग खाद्य, दोन भाग कोमट पाणी, अर्धा तास भिजवा. दाबल्यावर ओल्या स्पंजसारखं झालं पाहिजे, पाणी निथळता कामा नये. ते नसेल तर उकडलेल्या अंड्याचं पिवळं-पांढरं एकत्र कुस्करा. चिमणी-बुलबुलासाठी हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा घास, साळुंकीसाठी तुरीच्या दाण्याएवढा. आगपेटीच्या काडीचं टोक घासून बोथट करा आणि त्यावर घास घेऊन घशात जरा आत, जिभेच्या मागे ठेवा. चिमणीच्या पिल्लाच्या गळ्याच्या उजव्या बाजूची पिशवी फुगलेली दिसली की थांबा, पिल्लू अजून मागत असलं तरी.

उघड्या अंगाच्या पिल्लाला दर अर्ध्या तासाने, पिसं फुटत असलेल्याला पाऊण तासाने, पिसं आलेल्याला तासाने. सूर्योदय ते सूर्यास्त. रात्री भरवू नका. भिजवलेलं खाद्य उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं, प्रत्येक वेळी थोडंच करा.

नाकतोडे चांगले, मागचे पाय आणि डोकं काढून. पण ते कुठून आणता ते महत्त्वाचं. कपाशीतले किडे, बोंडअळ्या, केळीबागेतल्या अळ्या पिल्लाला देऊ नका. फवारणीचं विष त्यांच्या अंगात असतं आणि २०-२५ ग्रॅमच्या जिवाला ते पुरतं. फवारणी नसलेल्या बांधावरचे, चाऱ्यातले घ्या.

सगळ्यांना एकच नियम लागत नाही

होला आणि पारवा यांची पिल्लं चोच वर करून मागत नाहीत. ती आपली चोच आई-बापाच्या चोचीत खुपसतात आणि त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा रस पितात. पिवळे केस असलेल्या कोवळ्या पिल्लाला घरी वाढवणं अवघड, लगेच पोहोचवा. पिसं आलेलं असेल तर भिजवून मऊ केलेले वाटाणे, चोच हलक्या हाताने उघडून, एकेक.

पोपट फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाडांच्या ढोलीत पिल्लं घालतो. पिल्लू सहा-सात आठवडे ढोलीत असतं, त्यामुळे बाहेर पडलेलं पिल्लू बहुधा कोणीतरी काढलेलं असतं. ते पाळण्याचा मोह आवरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार आपल्याकडचा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर कावळ्याच्या घरट्याखाली काळं किंवा ठिपक्यांचं, कावळ्यासारखं न दिसणारं पिल्लू सापडलं तर ते कोकिळेचं असू शकतं. त्याला वाढवणारे कावळेच, म्हणून ठेवायचंही त्याच झाडावर.

बगळे आणि ढोकरी पावसाळ्यात गावातल्या निंबावर, चिंचेवर वस्ती करतात. जमिनीवर पडलेल्या पिल्लाला भरवायला ते खाली उतरत नाहीत, म्हणून इथे पर्यायी घरट्याचा सहसा उपयोग होत नाही. वनखात्याला कळवा. उचलताना आधी डोक्यावर कापड टाका आणि चोच आपल्या चेहऱ्यापासून लांब धरा. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की सरळ डोळ्याकडे चोच मारतं.

विहिरीवरच्या बाभळीचं किंवा शिंदीचं सुगरणीचं घरटं वाऱ्याने तुटून पडलं आणि आत पिल्लं जिवंत असतील, तर वरच्या टोकातून तार ओवून त्याच झाडाच्या, शक्यतो त्याच बाजूच्या फांदीला बांधा. नळी खाली हवी. पिल्लांना मुख्यतः मादी भरवते आणि ती जागा धरून असते. विहिरीच्या काठावर वाकून हे करू नका, विहिरीवर न झुकलेली, जमिनीकडची फांदी निवडा.

घार, घुबड, पिंगळा यांची नखं पिल्लूपणीही हातात रुततात. जाड कापड, खोकं आणि फोन.

केळीच्या बागेत

रावेर-यावलकडे घड कापताना फण्यांच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं निघतं. घड थांबवता आला तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे आठवडा ते दोन आठवडे, थांबवा. गाडी दारात उभी असेल आणि थांबता येत नसेल, तर घरटं बुडाच्या दोन फण्यांसह कापून घ्या, शेजारच्या झाडाच्या पानाच्या देठात, त्याच उंचीवर, सोपटाने बांधा. वर पान हवंच. हे काम घड उचलण्याच्या आधी, त्याच जागी करा. शंभर फुटांवर नेलेलं घरटं आईला सापडत नाही.

पोहोचवायचं कसं

राज्याच्या वनविभागाचा मोफत क्रमांक १९२६ आहे. गाव, तालुका, पक्षी कोणता वाटतो, किती वाजता सापडला आणि जखम आहे का, एवढं तयार ठेवून फोन करा. जखम असेल तर जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना.

बुटांचं खोकं घ्या. बाजूंना, अर्ध्या उंचीच्या खाली, पेन्सिलने दहा-बारा छिद्रं पाडा. झाकण लावा, अंधारात पिल्लू शांत राहतं. आत पाण्याची वाटी ठेवू नका, एका खड्ड्यात ती सांडते. मोटरसायकलच्या डिकीत किंवा पेट्रोलच्या टाकीवर खोकं ठेवू नका, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, ओल्या रुमालाच्या सावलीत न्या. उन्हाळ्यात अकरा ते चार प्रवास टाळा. सकाळी सातची एसटी बरी.

नंतर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. आणि एक सावधगिरी: एकाच जागी अनेक पक्षी मेलेले किंवा माना वाकड्या करून पडलेले दिसले तर पिल्लालाही हात लावू नका. २००६ साली देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच नवापुरात झाला होता आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

पुढच्या चैत्राआधी

ज्या पत्र्याखाली यंदा पिल्लं पडली तिथे पुढच्या वर्षीही पडतील, कारण चिमण्या जागा बदलत नाहीत. घरटं रिकामं झाल्याची खात्री करा. मग फेब्रुवारीत, ती पुन्हा काड्या आणायला लागण्याआधी, त्या जागेच्या वर पत्र्यावर पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा वीतभर जाड थर अंथरा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन आडव्या काठ्या बांधा. तेवढ्या कोपऱ्यातला पत्रा दुपारी हाताला सोसवतो. जमलं तर उत्तरेच्या भिंतीला, आठ फुटांवर, १५ बाय १५ बाय २० सेंटिमीटरची लाकडी पेटी लावा. पुढच्या फळीला ३२ मिलिमीटरचं छिद्र, म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते. छिद्राखाली बसायची काडी ठोकू नका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र तिच्यावर उभं राहून आत चोच घालता येते.